कारणाचा रकाना

ऋतिकाने चौदाव्या नंबरची केबल पेटीतून उपसली, दोन बोटांत धरून ठेवली आणि खांद्याने कानाशी दाबलेल्या फोनमध्ये विचारलं, "आता?"

"नाही. सगळ्या घरांचं नेट बंदच आहे," कंट्रोल रूममधून निलेश म्हणाला.

तिने ती केबल परत खोचली आणि पंधरावी काढली. शिडीवर उभं राहून तिच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. मे महिन्यातली सकाळची साडेअकराची वेळ. भिंतीवरच्या पेटीचं पत्र्याचं झाकण हात लावू देत नव्हतं. खाली इग्नेशियस अंकल दोन्ही हातांनी शिडी धरून उभे होते. बिस्किटांच्या कारखान्यात एकतीस वर्षं भट्टीवर काम केलेला माणूस. ऊन त्यांना लागत नसावं.

"ऋतिका, आज तरी सापडंल का गो?" त्यांनी विचारलं.

"बघते ना, अंकल."

"रविवारी मीटिंग हाय. लोक दुसरी कंपनी आणायची म्हणतात. मी किती दिवस थांबवू त्यांना? माज्या ॲश्लीचा दुबईचा इंटरव्ह्यू तीनदा तुटला. तिसऱ्यांदा त्या लोकांनी फोनच नाय केला."

अंधेरी पूर्वेच्या या गावठाणात बत्तीस घरांना तिच्या कंपनीचं इंटरनेट होतं, आणि एप्रिलपासून ते दिवसातून दोनदा-तीनदा जात होतं. सगळ्यांचं एकदम जायचं. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. मग आपोआप परत यायचं. माणूस तपासायला पोचेपर्यंत सगळं सुरळीत. न दुखणारा दात डॉक्टरला दाखवायला जावं तसं.

नवल असं, की घरांत मीटर लावला की काचेच्या तारेतून प्रकाश नीट येताना दिसायचा. तार तुटली की घरातल्या वायफायच्या बॉक्सवर लाल दिवा लागतो. इथे लाल दिवा कधीच लागला नव्हता. हिरवाच नुसता लुकलुकत राहायचा.

आठवड्यापूर्वी कंट्रोल रूममध्ये निलेश नवीन आला. त्याने रात्रपाळीच्या नोंदी चाळल्या आणि तिला फोन करून म्हणाला, "हे तारेचं दुखणं नाहीये. बत्तीस घरं एकाच तारेवर बोलतात, बरोबर? प्रत्येकाने आपली पाळी आली की बोलायचं आणि गप्प बसायचं. त्यातला एखादा बॉक्स गप्पच बसत नसेल तर? त्याचा प्रकाश चालूच राहिला तर बाकी कुणाचं ऐकूच येणार नाही. आपण समजतो सगळे पडले."

"मग तो कुठला, ते कळायचं कसं?"

"गोंधळ चालू असताना एकेकाला काढून बघायचं. ज्याला काढल्यावर बाकीचे परत येतील, तो."

गोंधळ चालू असताना. त्यासाठी ती दोन दिवस इथे येऊन बसली होती. पहिल्या दिवशी नवव्या केबलपर्यंत पोचली आणि सगळं आपोआप सुरू झालं. दुसऱ्या दिवशी तेराव्यापर्यंत. प्रत्येक केबल काढल्यावर मिनिटभर थांबावं लागायचं, त्यामुळे घाई करून उपयोग नव्हता. आज तिने तिथूनच पुढे सुरुवात केली होती.

एकोणीस. वीस. एकवीस. बावीस.

तेविसावी काढली आणि ती थांबली. बोटांना घाम आला होता.

"आले," निलेश म्हणाला. मग त्याचा आवाज चढला. "अगं, आले! एक, चार, नऊ... सगळे येतायत. एकतीसच्या एकतीस. कुठला नंबर?"

"तेवीस."

"कुणाचं घर आहे?"

केबलला चिकटपट्टीचा कागद गुंडाळला होता. त्यावर निळ्या पेनाने नाव लिहिलं होतं. मेबल. अक्षर ऋतिकाचंच होतं.

"बघते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मेबल आंटीचं घर विहिरीच्या पलीकडे, गल्लीच्या शेवटी. दारातूनच मिरची भाजल्याचा खाट आला आणि ऋतिकाला ठसका लागला. आंटी स्वयंपाकघरात होत्या. गॅसवर मोठी लोखंडी कढई, बाजूला परातीत धणे, हळकुंडं, तीळ, खसखस वेगवेगळी काढून ठेवलेली. बाटली मसाल्याचे दिवस होते. बहात्तराव्या वर्षीही त्या मसाला गिरणीत नुसता दळायला न्यायच्या. भाजणं सगळं घरी, स्वतःच्या हाताने, रोज थोडं थोडं.

"ये गो ये. नाकाला पदर लाव," त्या म्हणाल्या. ऋतिकाच्या अंगावर कंपनीचा टी-शर्ट होता. "बघ ना, आज माजं इंटरनेट गेलं. माजं कधी जात नाय. सगळ्या गावाचं जातं, पण माजं नाय जात. मी इग्नेशियसला म्हनते, बघ, माज्यावर देवसायबाची कृपा हाय."

बत्तीस घरांत तक्रार नसलेलं एकच घर होतं. ते कुणालाच खटकलं नव्हतं.

गॅसच्या वर, मसाल्याच्या बरण्यांच्या फळीवर बॉक्स होता. त्यावर क्रोशाने विणलेला पांढरा रुमाल. ऋतिकाने रुमाल उचलला आणि बॉक्सला हात लावला. चटका बसला नाही, पण हात ठेवून राहवलंही नाही. तिने बॉक्स उलटा केला. खाली पिवळं स्टिकर होतं. त्याचा एक कोपरा तेलकट होऊन उचलला गेला होता. त्यावर 'परत' असं लिहिलेलं होतं. आणि त्याखाली बारीक अक्षरात, स्टोअरवाल्याच्या हातचं: 'तापतो'.

कढईतली मिरची काळपट व्हायला लागली तसा आंटींनी गॅस बारीक केला.

जानेवारीत आंटींच्या मुलीला, नॅटलीला, आयर्लंडमध्ये मुलगी झाली होती. त्या दिवशी आंटींना नात बघायची होती, आणि जुन्या घराच्या दोन फूट रुंद भिंतीतून वायफाय स्वयंपाकघरात येत नव्हतं. गुडघ्यांमुळे त्यांचा सगळा दिवस स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर जायचा. ऋतिका आणि तिचा सहकारी श्रेयस शेजारच्या घरी काम करत होते. आंटी दारात येऊन रडवेल्या झाल्या, तेव्हा ऋतिकाने त्यांची केबल आतपर्यंत ओढून दिली. जुना बॉक्स काढताना त्याचा चार्जर तुटला. नवा बॉक्स गाडीत नव्हता. स्टोअरला परत द्यायच्या खोक्यात एक होता.

"हा परत आलेला आहे गं," शिडी धरलेला श्रेयस म्हणाला होता.

"एका दिवसापुरता. उद्या नवा लावते."

पाच मिनिटांनी आंटींच्या मोबाइलवर दुपट्यात गुंडाळलेलं लालबुंद तोंड दिसलं. आंटींनी दोघांच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. दुसऱ्या दिवशी ऋतिकाला मरोळला पाठवलं. मग आणखी कुठेतरी. तो बॉक्स तिच्या डोक्यातून गेला.

"खराब झाला काय?" आंटींनी विचारलं.

"खराबच होता, आंटी. मीच लावला होता."

तिने पिशवीतून नवा बॉक्स काढला, तो गॅसपासून लांब, खिडकीकडच्या भिंतीवर बसवला, केबल फिरवून घेतली. कामाला वीस मिनिटं लागली. पेटीतली तेविसावी केबल लावून ती परत आली तेव्हा निलेशचा मेसेज आला होता. बत्तीसही घरं चालू. तो जुना बॉक्स तिने फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकला.

आंटींनी तिला खुर्चीवर बसवलं आणि बशीत दोन गोडसर, तळलेले फुगे आणि चहा पुढे ठेवला. मग स्वतःच म्हणाल्या, "सगळ्या गावाचं माज्यामुलं जात व्हतं?"

"तुमच्यामुळे नाही. या बॉक्समुळे."

"मग त्या पोराला का काढला? तुज्याबरोबर यायचा तो. चष्मेवाला."

ऋतिकाने फुगा तोडला आणि हातातच ठेवला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तिच्या वरिष्ठांनी, अनंत सरांनी, तिला केबिनमध्ये बोलावलं होतं. वरून विचारणा होत होती, गावठाणातल्या तक्रारींचं कारण काय. अहवालात कारणाचा रकाना रिकामा ठेवून चालणार नाही. तिथल्या तारेचे सगळे सांधे श्रेयसने केले होते. काचेची केसासारखी तार मशीनमध्ये जोडायचं काम, त्यात बारा वर्षं घातलेला माणूस. ऋतिकाला ते काम त्यानेच शिकवलं होतं. तो म्हणत होता, "घरापर्यंत प्रकाश पोचतोय ना? मग सांध्यात खोट कशी असेल?" त्याचं म्हणणं बरोबर आहे हे तिला कळत होतं. पण मग दुसरं काय, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. सर म्हणाले, "अगं, सांधा म्हणून लिही, उन्हाळ्यात होतं असं. परत करून घेऊ. कुणाला फाशी देत नाहीये." तिने लिहिलं. 'सांधे सदोष.' खाली सही केली. कुणाला फाशी दिली नाही, पण महिनाअखेर श्रेयसचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. तो भेटायलाही आला नाही. तिने दोनदा फोन केला, त्याने उचलला नाही. त्यानंतर नवीन माणसाने सगळे सांधे पुन्हा केले, आणि तक्रारी तशाच येत राहिल्या.

"तो चांगला व्हता गो," आंटी म्हणाल्या. "शेवटचा आला ना, तवा इथंच बसून पानी प्याला. त्यानं पन असंच केलं, तुज्यासारखं. वरचा रुमाल काढला, डब्याला हात लावला, उलटा करून बघितला. मला म्हनतो, आंटी, यावर काय झाकू नका, हा तापतो. मी म्हटलं बरं. आठ दिवस नाय झाकला. मग तेल उडायला लागलं, म्हनून परत झाकला."

ऋतिकाने कप खाली ठेवला.

"कधी आला होता?"

"आमचा तो पाम संडे झाला... नाय, नाय. ईस्टर झाल्यावर. त्या दिवशी बी इंटरनेट गेलेलं सगळ्यांचं. तो शिडीवर चढून तारा काढत बसलेला, तुज्यासारखाच. मग इथं आला. मी नॅटलीशी बोलत व्हते, ती बोलता बोलता अडकली. तो आला, त्यानं बघितलं, आनि म्हनाला, थांबा आंटी, लावून देतो, तुमचं बोलनं होऊ दे. मी ऋतिकाला सांगतो, ती नवा लावंल."

बाहेर कुणीतरी मोठ्याने हसलं. गल्लीत कुणाच्या तरी घरी अडकलेलं गाणं पुन्हा सुरू झालं होतं.

"मग सांगितलं नाय त्यानं तुला?"

"नाही," ऋतिका म्हणाली.

ती उठली तेव्हा आंटींनी उरलेला फुगा कागदात बांधून तिच्या पिशवीत घातला. दारात तिचा दंड धरला आणि म्हणाल्या, "माज्या घरचा डबा व्हता म्हनून लिहायचं असंल तर लिही. इग्नेशियस चार दिवस बोलंल. बोलू दे."

क्रुसाजवळच्या ओट्यावर बसून तिने अनंत सरांना फोन लावला. बॉक्स, स्टिकर, स्वयंपाकघर, सगळं सांगितलं. सर म्हणाले, "बदललास ना? झालं तर मग. सांधे परत केले, बिघाड दूर झाला, असं टाक आणि तक्रार बंद कर. जुनं कशाला उकरतेस?"

"पण सांध्यात काही नव्हतंच, सर."

"ऋतिका, परत आलेला माल ग्राहकाकडे लावला, हे तू लिहून देणार? स्वतःच्या सहीने? डोकं ठिकाणावर आहे का?"

"फोन ठेवते सर. ऊन लागतंय."

मोबाइलवर कंपनीचा फॉर्म उघडला. कारणाच्या रकान्यात चार पर्याय होते. सांधा, तार, वीज, इतर. तिने 'इतर' निवडलं. खाली लिहायला चार ओळींची जागा होती. ती पहिल्यांदाच वापरत होती. तिने लिहिलं की घर क्रमांक तेवीसमध्ये परत आलेला, तापणारा बॉक्स जानेवारीत मी लावला. तो मला माहीत असूनही बदलला नाही. त्यामुळे सगळ्या घरांचं इंटरनेट बंद पडत होतं. मागच्या अहवालात सांधे सदोष असं मी लिहिलं, ते चूक आहे. सांधे श्रेयस भुवड यांनी केलेले होते आणि ते चांगले होते.

वाचून बघितलं. 'माहीत असूनही' खोडून 'विसरले' असं करावं का, म्हणून थोडा वेळ थांबली. तसंच ठेवलं. फॉर्म पाठवला. एकदा पाठवलेला फॉर्म बदलता येत नाही हे तिला माहीत होतं. सरांनाही माहीत होतं, म्हणून त्यांचा तासाभराने आलेला फोन फार लांबला नाही.

पुढच्या दोन दिवसांत तिला फील्डवरून काढून स्टोअरला बसवलं. परत आलेले बॉक्स तपासायचे, चिठ्ठ्या लावायच्या. श्रेयसबद्दल वरच्या ऑफिसातून उत्तर आलं, 'नोंद घेतली.' इग्नेशियस अंकलांनी रविवारची मीटिंग रद्द केली. त्यांनी ऋतिकाला फोन करून तसं कळवलं. मग म्हणाले, "ॲश्लीनं दुबईवाल्यांना परत मेल टाकलाय. बघू या."

त्याच रविवारी ती मुलुंडला गेली. श्रेयस कुठे असतो हे निलेशने शोधून दिलं होतं. डोंगराच्या बाजूला नवीन टॉवर उभे राहत होते, त्यातल्या एकाच्या तळघरात एका कंत्राटदाराचं तारा जोडायचं काम चालू होतं. ताबा द्यायची घाई होती, त्यामुळे रविवारीही माणसं होती. वॉचमनने तिला हेल्मेट दिलं आणि उतरणीकडे बोट दाखवलं.

तळघरात दोन हॅलोजन जळत होते. श्रेयस एका उलट्या बादलीवर बसला होता, समोर फळीवर मशीन. चष्मा कपाळावर चढवलेला. तिला बघून तो उठला नाही. हातातल्या तारेचं वरचं आवरण त्याने सोललं, स्पिरिटच्या कापसाने ती पुसली.

"कशी आहेस?"

"बरी आहे. तुझं काय?"

"चाललंय. इथे रोजावर आहे. बरं आहे."

ती फळीच्या दुसऱ्या टोकाला बसली. येताना काय बोलायचं ते तिने तीनदा मनात जुळवलं होतं. तिने मोबाइल काढला आणि तो फॉर्म उघडून त्याच्यापुढे धरला. त्याने चष्मा खाली ओढून वाचला. चार ओळी वाचायला त्याने बराच वेळ घेतला.

"हे कधी टाकलंस?"

"गुरुवारी."

"सर काय म्हणाले?"

"स्टोअरला बसवलंय मला."

त्याने मान हलवली आणि दुसरी तार उचलली.

"आंटी म्हणाल्या, तू येऊन गेलास," ती म्हणाली. "तो डबा बघितलास. तुला सापडलं होतं, मग तू बोलला का नाहीस रे? मला सांगितलं असतंस तर..."

"सांगायलाच आलो होतो." तो तारेकडे बघत होता. "त्याच दुपारी ऑफिसला आलो. तू नव्हतीस. सरांनी कागद पुढे ठेवला. म्हणाले, वाच. खाली तुझी सही."

"म्हणून गप्प बसलास?"

"डबा तू लावलेला. स्टिकर तू बघितलेलं. मीच बोललो होतो तुला, परत आलेला आहे म्हणून." त्याने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. "मला वाटलं, तुला माहीत आहे."

तळघरात कुठेतरी पाण्याचा पंप चालू झाला. सहा आठवडे हा माणूस रोज जेवणाचा डबा घेऊन कामावर जात होता आणि त्याच्या मनात तिच्याबद्दल हे होतं. तिने सगळं जाणून त्याचं नाव लिहिलं, असं. तिने फोन केले तेव्हा, तो उचलत नव्हता तेव्हा.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "खरंच नव्हतं रे. मला तो डबा आठवलासुद्धा नाही."

श्रेयसने दोन्ही तारांची टोकं कापली, मशीनच्या खाचेत समोरासमोर ठेवली. एक टोक सारखं निसटत होतं. तळघरातल्या धुळीत हे काम एकट्याचं नसतं. दुसऱ्या माणसाने तारेचं वेटोळं उचलून धरावं लागतं, म्हणजे ओढ बसत नाही. त्याने दोनदा टोक बसवायचा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी ऋतिकाने हात पुढे केला आणि वेटोळं उचलून धरलं. त्याने तिच्या हाताकडे बघितलं, मग झाकण लावलं.

मशीनमध्ये क्षणभर निळी ठिणगी चमकली. पडद्यावर दोन तारांची एक तार झाली.

बाजूला एक वही उघडी पडली होती. रकाने आखलेले, प्रत्येक सांध्याचा क्रमांक, त्यापुढे त्यात किती प्रकाश वाया जातो तो आकडा, त्यापुढे सही. चष्मा पुसत श्रेयस म्हणाला, "काय दाखवतंय?"

ती वाकली. "शून्य पॉइंट शून्य दोन."

त्याने खिशातलं पेन काढलं आणि वहीवर ठेवून ती तिच्याकडे सरकवली.

"लिही," तो म्हणाला.